हेलियम आणि विजयदुर्गाचे कट्टे

मंडळी, गुहागरच्या समुद्रात बुडणारा सूर्य पाहून मुलं विचारतात, ‘हा कशाचा बनलाय?’ मुख्यतः हायड्रोजनचा. वजनाने सुमारे चौथा हिस्सा हेलियम. या हेलियमची पिवळी रेघ १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात भारतातून दिसली. पुष्कळांना ती सोडियमची वाटली. ऑक्टोबरात इंग्लंडात लॉकियर यांनी ती ग्रहणावाचून पाहिली, नि ती सोडियमची नव्हे हे ध्यानात आलं. पृथ्वीवर हा वायू रॅम्से यांना सापडला तो १८९५ साली.

आपल्या दक्षिणेला विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात, नि हेलियम तिथंच सापडला असं सांगतात. लॉकियर तिथं आले हे खरं, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. गुरुजी, मुलांना कट्टे जरूर दाखवा. साल मात्र बरोबर सांगा.