डीएमएक्स की डाली? व्हाया मैंदर्गी

गेल्या रविवारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात मैंदर्गीहून मामेभावाचा फोन. "दादा, तू कॉम्प्युटरवाला, तूच सांग की. डीएमएक्स घ्यायचं का डाली?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मैंदर्गी म्हणजे अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकाच्या हद्दीजवळचं गाव. एकाच वाक्यात अर्धं कानडी आणि अर्धं मराठी बोलणारं. भावाचा तिथे मांडव आणि लायटिंगचा धंदा. आता एका नव्या मंगल कार्यालयाचं कायमचं काम मिळालंय, स्टेज आणि हॉल दोन्ही. माल विकणारा म्हणतो सगळंच डीएमएक्सवर घ्या. पैसे भावाचे अडकणार, आणि नाव गेलं तर तेही त्याचंच.

म्हटलं, आधी हे दोन प्राणी आले कुठून ते बघू.

आपल्याकडे तमाशाच्या फडावर आधी टेंभे होते, मग गॅसबत्त्या आल्या. उजेड कमी-जास्त करायचा तर माणूस उठून पंप मारायचा. म्हणजे कंट्रोल सिस्टीम म्हणजे तो माणूस! वीज आल्यावर डिमर आले, पण प्रत्येक डिमरला कंट्रोलची स्वतंत्र तार. 0 ते 10 व्होल्टचा हिशेब, शून्य म्हणजे अंधार आणि दहा म्हणजे लख्ख. शंभर डिमर असतील तर मनगटाएवढा जाड तारांचा जुडगा. पुढे कंपन्यांनी एकाच वायरवरून सगळे आकडे पाठवायची युक्ती काढली, पण प्रत्येकीची भाषा वेगळी. एकीचं कन्सोल दुसरीच्या डिमरशी बोलेना. (सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुःख नवीन नाही.)

1986 साली अमेरिकेतल्या रंगमंच तंत्रज्ञांच्या यूएसआयटीटी या संस्थेनं डीएमएक्स 512 जाहीर केलं. ते कुठल्याच कंपनीच्या मालकीचं नव्हतं, आणि माझ्या मते ते टिकण्याचं मुख्य कारण हेच. रचना इतकी साधी की आपल्याला हसू यावं. सेकंदाला अडीच लाख बिट, एका वायरवर जास्तीत जास्त 512 चॅनल, प्रत्येकात 0 ते 255 मधला एक आकडा. 'मिळालं का?' असं विचारणं नाही, चूक तपासणं नाही. चुकीचा आकडा गेला तर गेला, पुढचा हप्ता साधारण 23 मिलिसेकंदांत येतोच. डिमरसाठी एवढं पुरेसं होतं. मग फिरते दिवे आले, एलईडी आले, आणि सगळे याच गाडीत चढले. लाल-हिरवा-निळा असे तीन चॅनल धरले तर एका वायरवर 170 ठिपके, की संपलं. शिवाय हॅलोजनची तार सावकाश थंड व्हायची, त्यामुळे 255 पायऱ्या डोळ्याला कळायच्या नाहीत. एलईडी लगेच विझतो, म्हणून मंद उजेडात पायरी न् पायरी दिसते.

भावाला याचा अनुभव आहेच, आणि त्याहून वाईट म्हणजे गेल्या वर्षीचा. एका लग्नात ऐन 'सावधान'ला शेवटचे चार पारकॅन लाल-निळे नाचायला लागले. मुलीच्या वडिलांनी असं बघितलं म्हणता... "दादा, लाईटी येड्यावानी करायलेत" असा फोन मला मंगलाष्टकं चालू असतानाच आला होता. कारण काय, तर चाळीस मीटर माइकची वायर आणि शेवटी टर्मिनेटर नाही. वायरच्या टोकाला गेलेला सिग्नल विहिरीत मारलेल्या हाकेसारखा परत येतो आणि पुढच्या सिग्नलमध्ये मिसळतो. शेवटच्या दिव्यात दोन आणि तीन नंबरच्या पिनांमध्ये 120 ओहमचा रेझिस्टन्स लावला की तो थांबतो. चार-पाच रुपयांची वस्तू!

डालीचं घराणं वेगळं. ते नाटकातून नाही, ऑफिसातून आलंय. 1990 च्या दशकात युरोपातल्या ट्यूबलाइटचे चोक बनवणाऱ्यांनी ते जमवलं, आणि 2009 मध्ये त्याला आयईसी 62386 असा स्वतंत्र मानकांचा संच मिळाला. वेग सेकंदाला फक्त 1200 बिट, म्हणजे डीएमएक्सपुढे बैलगाडी. एका जोडीवर 64 पत्ते, 16 गट, 16 सीन. नाच करायला निरुपयोगी. पण सीन ड्रायव्हरमध्येच साठतात, दिवा गेला तर तो तसं उलट कळवतो, दोन तारांचं उलट-सुलट बघावं लागत नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: वेगळं काही सेट केलेलं नसेल तर कंट्रोल वायर तुटल्यावर दिवे पूर्ण लागतात. उंदरानं वायर कुरतडली तरी पाचशे माणसांच्या हॉलमध्ये अंधार नाही. डीएमएक्समध्ये दिवा विझेल की आहे तसा राहील, हे तो दिवा बनवणाऱ्याच्या मर्जीवर.

म्हणून म्हटलं, स्टेजला डीएमएक्स, हॉलला डाली.

"ड्रायव्हर महाग पडायलेत. आणि मैंदर्गीत डाली दुरुस्त करणार कोण?"

या प्रश्नावर मी गप्प झालो, खरं सांगतो. डीएमएक्स दिव्याचा पत्ता मागच्या बटणावर बोट ठेवून बदलता येतो, त्याची पोरं करतात. डालीचा ड्रायव्हर बदलला की नव्याला पत्ता द्यायला सॉफ्टवेअर लागतं. सोलापूरहून माणूस बोलवायचा म्हणजे लग्नाचा दिवस गेला.

अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी हॉलला डाली ठरली, पण चार ड्रायव्हर जादा घ्यायचे आणि पत्ते द्यायचं काम मी त्याच्या पोराला शिकवायचं, या अटीवर. डालीची वायर मेन्सच्या तोडीच्या इन्सुलेशनचीच हवी, टेलिफोनची चालणार नाही, हे त्याला दोनदा बजावलंय. दिवाळीत लॅपटॉप घेऊन जातोय. रेझिस्टन्सची पुडी त्यानं आधीच आणून ठेवलीय म्हणे.