री-टेक ऑफ अमृता

री-टेक ऑफ अमृता : विवान सुंदरम (१९४३–२०२३) यांची कृष्णधवल डिजिटल फोटोमोंताजांची मालिका. आरंभ २००१. याच नावाचे पुस्तक त्याच वर्षी दिल्लीच्या तूलिका प्रकाशनाने काढले. चित्रकार अमृता शेरगिल (१९१३–४१), त्यांचे वडील उमरावसिंग, हंगेरियन आई मारी आंत्वानेत आणि धाकटी बहीण इंदिरा ही यातली मुख्य माणसे. इंदिरा या विवान यांच्या आई. म्हणजे अमृता त्यांची सख्खी मावशी. पण मावशी-भाच्याची भेट कधी झालीच नाही. अमृता ५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोरला वारल्या आणि विवान २८ मे १९४३ रोजी सिमल्यात जन्मले. या दीड वर्षाच्या अंतरातून मालिकेची सारी ओढ आली आहे. जी आठवण आपल्याला असूच शकत नाही, ती घडवता येईल का, हा तिचा प्रश्न.

कच्चा माल आजोबांनी जमवून ठेवला होता. उमरावसिंग (१८७०–१९५४) हे मजिठिया घराण्यातले शीख सरदार, संस्कृत आणि फार्सीचे व्यासंगी. छायाचित्रण त्यांनी पोटासाठी कधी केले नाही. छंद म्हणून मात्र अर्धशतकाहून अधिक काळ केले. त्रिमितीय आभास देणारी जोडचित्रे काढली, ऑटोक्रोम या सुरुवातीच्या रंगीत तंत्रातही हात घातला. बुडापेस्ट, सिमला, पॅरिस अशी घरे बदलत गेली आणि लेकी कॅमेऱ्यासमोर वाढत गेल्या : कधी युरोपीय पोशाखात, कधी साडीत. अमृतांनी पुढे स्वतःची इतकी आत्मचित्रे रंगवली, त्यामागे लहानपणापासून कुणीतरी आपल्याकडे टक लावून पाहत असल्याची ही सवय असणार.

उमरावसिंगांनी तितकेच रोखून स्वतःकडेही पाहिले. १९३० साली पॅरिसमधल्या घरी पंधरा दिवसांच्या उपवासानंतर त्यांनी काढलेले उघड्या अंगाचे आत्मचित्र आजही पाहणाऱ्याला थांबवते. मोकळे केस, लांब दाढी, योग्याचा देह. त्या काळच्या भारतीय छायाचित्रणात याला जोड सापडणे कठीण.

विवान यांचे शिक्षण बडोद्याला आणि लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये झाले. ते मुळात रंगांचे चित्रकार. १९८३–८४ मध्ये त्यांनी ‘द शेरगिल फॅमिली’ हे तैलचित्र केले होते. नव्वदच्या दशकात ते मांडणशिल्पाकडे वळले आणि छायाचित्र त्यांच्या कामात शिरले ते मुंबईच्या एका जखमेतून. १९९२–९३ च्या दंगलीत रस्त्यावर मरून पडलेल्या अनाम माणसाचे होशी जाल यांनी टिपलेले वृत्तछायाचित्र घेऊन त्यांनी ‘मेमोरियल’ (१९९३) उभे केले. त्या चित्रावर त्यांनी खिळे ठोकले होते. ‘री-टेक’मध्ये ठोकाठोक नाही, पण जुन्या छायाचित्राला हात लावण्याचे धाडस तिथेच कमावलेले आहे.

रीटेक हा शब्द सिनेमाचा : तेच दृश्य पुन्हा घेणे. इथे ते संगणकावर घेतले आहे. घरातली जुनी छायाचित्रे स्कॅन करून त्यांतली माणसे, आरसे, भिंती, अमृतांची चित्रे सुटी केली आणि एकाच चौकटीत आणून बसवली. त्यामुळे काळाची शिवण उसवते. ‘बूर्ज्वा फॅमिली : मिरर फ्रीझ’मध्ये निरनिराळ्या वर्षांतली कुटुंबीय मंडळी आणि त्यांची प्रतिबिंबे एका दालनात जमतात. ‘सिस्टर्स विथ टू गर्ल्स’मध्ये अमृता व इंदिरा या बहिणी आणि अमृतांच्या १९३९ च्या ‘टू गर्ल्स’ या चित्रातल्या एक गोरी, एक सावळी अशा दोन मुली समोरासमोर येतात. युरोप आणि हिंदुस्थान हे अमृतांच्या आतले दुपेड तिथे डोळ्यांना दिसते. स्वप्नात असेच होते. मेलेली माणसे आपापल्या वेगवेगळ्या वयांत येतात, एकत्र बसतात, आणि पाहणाऱ्याला त्यात काही खटकत नाही.

हे सारे बनावट आहे, पण फसवे नाही. शीर्षकातच पुन्हा घेतल्याची कबुली आहे आणि कृतींच्या नोंदींत मूळ छायाचित्रांची ठिकाणे व वर्षे दिलेली आहेत.

मालिकेत बापलेकीच्या जवळिकीला, त्यातल्या अस्वस्थ करणाऱ्या ओढीलाही जागा आहे. घराण्याची पुण्याई गाणे विवान यांनी टाळले. अमृतांची चित्रे १९७६ मध्ये राष्ट्रीय कलासंपदा ठरली, त्यांच्यावर पुस्तके निघाली. मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीने तर त्यांना हयातीतच, १९३७ साली, सुवर्णपदक दिले होते. कॅमेऱ्यामागचा माणूस मात्र फक्त ‘अमृताचे वडील’ राहिला होता. या मालिकेचे सर्वांत मोठे श्रेय हे की तिने त्याला पुढे आणले. २००७ मध्ये फ्रान्समधल्या आर्ल येथील छायाचित्र महोत्सवात उमरावसिंगांची छायाचित्रे मांडली गेली आणि २००८ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. ‘हिज मिझरी अँड हिज मॅन्युस्क्रिप्ट’ हे त्या पुस्तकाचे नाव उमरावसिंगांच्याच एका छायाचित्रावरून घेतलेले आहे.