समितीत कोण बसणार?

भारतीय संसदेचे पुष्कळ काम सभागृहाबाहेर, समित्यांच्या बंद खोल्यांत चालते. त्या खोल्यांत कोणी बसायचे, हा प्रश्न संसदेहूनही जुना आहे. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर 1921 मध्ये केंद्रीय विधिमंडळाची, सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी लोकलेखा समिती स्थापन झाली. तिचे काही सदस्य निवडून येत, काही सरकार नेमी. अध्यक्षपद सरकारच्याच वित्त सदस्याकडे, म्हणजे अर्थखाते सांभाळणाऱ्याकडे असे. म्हणजे ज्याचा हिशेब तपासायचा, तोच तपासणाऱ्यांचा म्होरक्या!

ही विसंगती 1950 मध्ये राज्यघटनेबरोबर संपली. समिती संसदेच्या अध्यक्षांच्या अखत्यारीत आली. तेव्हा त्या पदावर ग. वा. मावळंकर होते. पुढे तिच्यात लोकसभेचे 15 आणि राज्यसभेचे 7 सदस्य असे रूप स्थिरावले. मंत्र्याला तिथे जागा नाही. सदस्य एकल संक्रमणीय मतपद्धतीने, म्हणजे पसंतीक्रमाच्या मतदानाने, दरवर्षी निवडले जातात. लोकसभेच्या 543 जणांनी मते दिली, तर एका जागेला 34 मते पुरतात, त्यामुळे मोठ्या पक्षांना संख्याबळानुसार वाटा मिळतो आणि चार-पाच खासदारांच्या पक्षाला दुसऱ्यांचा हात धरावा लागतो. प्रत्यक्षात पक्ष आधीच जागा वाटून घेतात, आणि मतदानाची वेळ सहसा येत नाही. समितीचे अध्यक्ष लोकसभा अध्यक्ष नेमतात. हे पद विरोधी पक्षाकडे देण्याचा पायंडा 1967 मध्ये स्वतंत्र पक्षाच्या मिनू मसानींपासून पडला.

खात्यांवर नजर ठेवणाऱ्या समित्यांची वाट वेगळी. 1989 मध्ये कृषी, पर्यावरण व वने आणि विज्ञान-तंत्रज्ञान अशा तीनच विषय समित्या होत्या. 1993 मध्ये, लातूरचे शिवराज पाटील लोकसभा अध्यक्ष असताना, 17 विभागनिहाय स्थायी समित्या आल्या. त्यांची संख्या 2004 मध्ये 24 झाली, आणि प्रत्येकीतील सदस्य 45 वरून 31 वर आले: 21 लोकसभेचे, 10 राज्यसभेचे. इथे निवडणूक नाही. पक्ष नावे सुचवतात, लोकसभा अध्यक्ष आणि राज्यसभेचे सभापती नेमणूक करतात. मुदत मात्र एका वर्षाचीच ठेवली गेली, ही या रचनेची उणीव: खासदाराला विषयाची ओळख होते न होते तोच फेरनेमणुकीची वेळ येते.

समितीने काम वाटून देण्यासाठी नेमलेल्या उपसमितीसाठी लोकसभेच्या नियमांत वेगळी तरतूद आहे. समिती आपल्यातूनच तिचे सदस्य घेते आणि तिला मूळ समितीचे अधिकार असतात. पण तिचा अहवाल पूर्ण समितीच्या बैठकीत मान्य झाल्यावरच समितीचा अहवाल मानला जातो.