मोबाईलचा पडदा आणि लोकांच्या नजरेसमोरचा अपमान

व्हीलचेअरवरच्या मुलीने स्वतःचा फोटो टाकला की खाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागते. पुढचा फोटो ती फक्त चेहऱ्याचा टाकते. कुबडी कापून टाकलेले असे फोटो आम्ही चळवळीतल्या आपल्याच तरुणांचेही पाहिले आहेत. 'ट्रोलिंग' हा शब्द नवा असेल, अपमान जुना आहे.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्क नाकारलेल्यांची यादी आहे. त्यात जन्मांध, बहिरा, वेडा, मुका, अवयवहीन, सगळे आहेत. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तो ग्रंथ जाळला गेला, त्यात ही यादीही जळाली. आपल्या भाषणांतून हे नेमकं सुटतं! १९२८ च्या कायद्याने यातली बहुतेक बंधनं उठली. जन्मापासून वेडा ठरवलेल्याला मात्र १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापर्यंत थांबावं लागलं.

वाटा मिळाला म्हणून मान मिळाला असं होत नाही. लोकांच्या नजरेसमोर केलेला जातीय अपमान १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याने गुन्हा ठरवला. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात कलम ९२ ने जवळपास तेच शब्द घेतले; शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. (सरकार 'दिव्यांग' म्हणतं. वरून बहाल केलेल्या नावांचा अनुभव आपल्याला 'हरिजन'पासून आहे.)

मग मोबाईलचा पडदा लोकांच्या नजरेत येतो का? ॲट्रॉसिटीच्या एका प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं की इंटरनेटवरचा अपमान पीडित व्यक्ती पाहते तेव्हा ती तिथे हजरच धरली पाहिजे. शब्द तेच असतील तर कलम ९२ चा अर्थ वेगळा का लावायचा? तक्रार देताना स्क्रीनशॉट जोडा आणि कलमाचा आकडा स्वतः लिहा. ठाणे अंमलदाराला तो माहीत असेलच असं नाही.

हा दुसऱ्या कुणाचा प्रश्न नाही. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचं प्रमाण एकूण लोकसंख्येत २.२१ टक्के होतं, अनुसूचित जातींत २.४५.

आता आमच्याबद्दल. विरोधकाला आम्ही रोज 'अंधभक्त' म्हणतो, वाद तापला की 'मतिमंद'. आमच्या ग्रुपमध्ये एक अंध कार्यकर्ता आहे. त्याचा फोन त्याला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवतो. त्याने एकदा विचारलं, "तुमचं भांडण भक्तीशी आहे की डोळ्यांशी?"

त्या दिवशी ग्रुपवर कुणीच काही टाईप केलं नाही.