अरब उर्फ बर्बर

एकाच माणसाची दोन नावे सांगताना आपण मध्ये ‘उर्फ’ घालतो. हा शब्द मूळचा अरबी. अरबीत त्याचा अर्थ सर्वांच्या परिचयाची गोष्ट, आणि त्यावरून रूढी, लोकाचार. आफ्रिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या मोरोक्को देशात विसाव्या शतकात या ‘उर्फ’वरून मोठी उलथापालथ झाली. तेथील अरब धर्मशास्त्राने चालतात आणि बर्बर रूढीने, तेव्हा दोघांची न्यायालयेही निराळी असावीत, असे फ्रेंच राज्यकर्त्यांनी ठरवले. आणि ज्यांना वेगळे काढायचे त्यांनाच एकत्र आणून ठेवले.

मुळात ‘बर्बर’ हे नावच परक्यांनी दिलेले आहे. ज्याची भाषा कळत नाही तो ग्रीकांच्या लेखी ‘बार्बारोस’. तेच नाव पुढे या लोकांना चिकटले. संस्कृतातही बर्बर म्हणजे रानटीच. हे लोक मात्र स्वतःला ‘इमाझिघेन’ म्हणवतात; एकवचनी ‘अमाझिघ’. ‘स्वतंत्र माणसे’ असा या नावाचा अर्थ ते अभिमानाने सांगतात.

त्यांचा इतिहास या अर्थाला शोभेल असाच आहे. सातव्या शतकाच्या अखेरीस अरब सैन्ये येथवर पोहोचली आणि बर्बरांनी हळूहळू इस्लाम स्वीकारला; पण ७४० साली त्यांनी बंड करून खलिफाचे राज्य झुगारून दिले. धर्म ठेवला, धनी घालवला! पुढे ७८६ साली मक्केजवळच्या फख्खच्या लढाईत हरलेला इद्रिस नावाचा एक राजवंशीय जीव वाचवून पळाला आणि मजल दरमजल करीत वलीला या जुन्या रोमन नगरीत आला. तो पैगंबरांच्या कुळातला. अवरबा या बर्बर टोळीने त्याला आश्रय दिला, ७८९ साली आपला नेता केले आणि कन्झा नावाची आपल्यातली मुलगी दिली. दोनच वर्षांनी इद्रिसचा विषप्रयोगाने अंत झाला. कन्झाला मुलगा झाला तो पतीच्या मृत्यूनंतर. टोळीने तो वाढवला आणि गादीवर बसवला. मोरोक्कोच्या पहिल्या मोठ्या राजघराण्याचा पिता असा अरब आणि माता बर्बर होती.

त्यानंतरची अल्मोराविद, अल्मोहाद आणि मरिनिद ही तिन्ही बलाढ्य राजघराणी बर्बरच होती. माराकेश शहर वसवले ते अल्मोराविदांनी. अल्मोहाद पंथाचा संस्थापक इब्न तुमार्त धर्माचा उपदेश बर्बर भाषेत करी. मात्र त्याच अल्मोहादांनी बाराव्या शतकात अरब टोळ्या आणून मोरोक्कोच्या मैदानात वसवल्या आणि अरबी भाषेच्या प्रसाराला वाट करून दिली. कित्येक बर्बर टोळ्या अरबी बोलू लागल्या. मुहंमद तुघलकाच्या पदरी काझी म्हणून राहिलेला आणि आपले दौलताबाद पाहून गेलेला प्रवासी इब्न बतूता १३०४ साली तांजिअरला जन्मला. कूळ लवाता या बर्बर टोळीचे, प्रवासवर्णन अरबी भाषेत. त्याला अरब म्हणावे की बर्बर? त्याला स्वतःला हा प्रश्न फारसा पडला असेल असे वाटत नाही.

रूढींकडे वळले की ही सरमिसळ अधिकच स्पष्ट होते. डोंगरातल्या बर्बर गावाचा कारभार ‘जमाअ’ पाहते; आपल्या ‘जमात’ शब्दाचे ते सख्खे भावंड. कुटुंबप्रमुख एकत्र बसून पाण्याच्या पाळ्या, कुरणे, दंड ठरवीत. साक्षीपुरावा नसला की आरोपीने आपल्या नातेवाइकांसह शपथ घ्यायची. गुन्हा जितका मोठा तितके सहशपथी अधिक, आणि शपथ पुष्कळदा एखाद्या पिराच्या कबरीपाशी. दक्षिणेकडे गावाचे सामायिक धान्यकोठार असते. त्याला ‘अगादीर’ म्हणतात. त्या नावाचे प्रसिद्ध शहरही आहे. किल्ल्यासारख्या भिंतींच्या आत प्रत्येक कुटुंबाची कुलूपबंद खोली. तीत धान्य, दागिने, जमिनीचे कागद. या कोठारांचे नियम लाकडी फळ्यांवर लिहून ठेवलेले सापडले आहेत. रूढी बर्बरांची, लिपी मात्र अरबी! ‘शुद्ध बर्बर’ कायदा शोधणाऱ्यांना या फळ्याच उत्तर देतात.

पंचांगाचेही तसेच. हिजरी वर्ष चांद्र आणि त्याला अधिक महिन्याची जोड नाही. त्यामुळे सण ऋतूंमधून सरकत राहतात. पेरणी-कापणी अशा पंचांगावर कशी चालणार? म्हणून शेतकरी रोमन काळापासूनचे सौर महिने वापरत आला. यन्नायर म्हणजे जानेवारी, इब्रीर म्हणजे एप्रिल. आपल्या संक्रांतीच्या सुमारास यन्नायरचा पहिला दिवस येतो. त्या रात्री काही भागांत लापशीसारख्या ‘तागुला’मध्ये खजुराची एक बी लपवतात; जिच्या घासात ती येईल तिचे वर्ष भाग्याचे. ही शेतीची दिनदर्शिका अरबी बोलणारा शेतकरीही पाळतो.

३० मार्च १९१२ च्या फेजच्या तहाने मोरोक्को फ्रान्सच्या संरक्षणाखाली गेला. बर्बर टोळ्यांनी आपल्या रूढीप्रमाणे वागावे असे फर्मान १९१४ सालीच निघाले होते. १६ मे १९३० च्या फर्मानाने रूढिन्यायालयांना पक्के रूप दिले आणि त्याच्या सहाव्या कलमाने बर्बर प्रदेशातील गंभीर गुन्हे फ्रेंच न्यायालयांकडे सोपवले. सही होती वीस वर्षांच्या सुलतान मुहंमदाची. आधी कायदा वेगळा, मग शाळा वेगळी, अखेर धर्मही वेगळा, असा या धोरणाचा रोख असल्याचा संशय शहरांतून पसरला.

अतिवृष्टी, दुष्काळ, रोगराई अशा संकटात म्हणायची ‘लतीफ’ नावाची एक प्रार्थना आहे. दयाळू परमेश्वराचा त्या नावाने धावा करतात. जून १९३० मध्ये सले शहरातील मशिदीत ही प्रार्थना सुरू झाली, आणि तिच्यात बर्बर बांधवांपासून आम्हाला तोडू नकोस असे मागणे जोडले गेले. हा हा म्हणता ती राबात व फेजपर्यंत पोहोचली. प्रार्थनेवर बंदी घालणे कोणत्याही सरकारला अवघडच. तरुणांना अटका झाल्या, फटके बसले; पण अलाल अल् फासीसारखे पुढारी यातूनच उदयाला आले. १९३४ साली सहावे कलम मागे घ्यावे लागले. अरबीपासून दूर ठेवून बर्बर मुलांना शिकवण्यासाठी अझ्रूला शाळा काढली होती. तिच्यातील विद्यार्थीही पुढे राष्ट्रीय चळवळीत उतरले. २ मार्च १९५६ रोजी देश स्वतंत्र झाला.

गोष्ट येथे संपवता आली असती तर किती बरे झाले असते! परंतु ऐक्याची घोषणा देणाऱ्यांनी ऐक्याचा अर्थ एकसारखेपणा असा केला. १९६२ च्या राज्यघटनेत अधिकृत भाषा एकच, अरबी. अमाझिघ भाषा शाळेत नाही, कचेरीत नाही. काही अमाझिघ नावे तर जन्मनोंदणीतही नाकारली जात. भाषेचा प्रश्न काढणाऱ्याला १९३० च्या फर्मानाची आठवण देऊन फुटीर ठरवणे सोपे होते. १९९४ च्या मे दिनी आपल्या लिपीतले फलक मिरवणाऱ्यांना तुरुंग दाखवला गेला. या मंडळींना रूढींचा जुना कायदा परत नको होता. अनेक टोळ्यांच्या रूढीत मुलीला वारसा नव्हता. धर्मशास्त्र तिला मुलाच्या निम्मा तरी वाटा देते. त्यांना हवा होता तो आपल्या भाषेला स्वतःच्या देशात मान.

तो हळूहळू मिळाला. २००१ साली अमाझिघ संस्कृतीसाठी राजाज्ञेने संस्था स्थापन झाली, २००३ साली तिफिनाघ ही प्राचीन लिपी शाळेसाठी स्वीकारली गेली, २०११ च्या राज्यघटनेने अमाझिघला अरबीबरोबर अधिकृत भाषा मानले. १४ जानेवारी २०२४ रोजी यन्नायरची पहिली सरकारी सुट्टी देशाने उपभोगली.

फ्रेंचांनी ‘उर्फ’ची भिंत बांधली, स्वदेशीयांनी भिंत पाडताना घरातले एक नावच पुसले. मराठीतला ‘उर्फ’ या दोहोंपेक्षा शहाणा म्हणावा लागेल. तो दोन नावे शेजारी ठेवतो, एकालाही खोडत नाही, आणि माणूस एकच आहे हे सांगतो. ज्या घराण्याचा पिता अरब आणि माता बर्बर, त्या कन्झाच्या मुलाची ओळख याहून निराळी कशी सांगता येईल?