ओनोमिची मंदिर पदभ्रमण मार्ग

ओनोमिची मंदिर पदभ्रमण मार्ग (जपानी नाव: कोजी मेगुरी, अर्थात 'प्राचीन मंदिरांची फेरी') हा जपानमधील हिरोशिमा प्रभागातील ओनोमिची ह्या डोंगराळ बंदर-शहरातील पायी फिरण्याचा मार्ग आहे. ओनोमिची रेल्वे स्थानकापासून पूर्वेकडील जोदो-जी मंदिरापर्यंत जाणाऱ्या ह्या मार्गावर सुमारे २५ बौद्ध मंदिरे आहेत. दगडी पायऱ्या, अरुंद बोळ आणि उतारावरील जुनी लाकडी घरे ही त्याची वैशिष्ट्ये होत.

भूगोल

ओनोमिची होन्शू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सेतो अंतर्देशीय समुद्राकाठी वसले आहे. शहरासमोर मुकाइशिमा हे बेट असून दोहोंमधील सामुद्रधुनी एखाद्या नदीसारखी अरुंद आहे. ती ओलांडण्यासाठी आजही फेरीबोटी चालतात. शहराच्या पाठीशी सेन्को-जी, साइकोकु-जी व जोदो-जी ह्या मंदिरांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या तीन टेकड्या आहेत. डोंगर आणि पाणी यांमध्ये सपाट जमीन फारच थोडी असल्याने वस्ती उतारावर चढत गेली.

इतिहास

ओनोमिचीला ११६९ साली अधिकृत बंदराचा दर्जा मिळाला. अंतर्भागातील जहागिरीचा तांदूळ येथून जहाजांनी पाठवला जाई. एदो काळात जपान समुद्राच्या बाजूने येणारी 'कितामाएबुने' ही व्यापारी जहाजे येथे थांबू लागली व व्यापारी श्रीमंत झाले. त्यांच्या देणग्यांतून एवढ्या लहान गावात इतकी मंदिरे उभी राहिली व टिकली.

१८९१ साली रेल्वे आली. सपाट जागा नसल्यामुळे रूळ डोंगराच्या पायथ्याशी टाकण्यात आले. परिणामी काही मंदिरांच्या पायऱ्या आजही रुळांखालून किंवा रुळांवरून जातात. त्यानंतरच्या दशकांत धनिकांनी उतारावर समुद्राचे दृश्य दिसणारी घरे बांधली. २०१५ साली ह्या शहराचा समावेश 'जपान वारसा' यादीत झाला.

प्रमुख स्थळे

तेन्नेइ-जी: १३६७ साली स्थापन झालेले मंदिर. येथील पॅगोडा १३८८ मध्ये पाच मजली बांधला गेला होता. वरचे मजले जीर्ण झाल्यावर १६९२ मध्ये तो तीन मजली करण्यात आला. पॅगोड्याच्या छपरावरून दिसणारी सामुद्रधुनी हे ओनोमिचीचे सर्वपरिचित दृश्य आहे.

सेन्को-जी: परंपरेनुसार ८०६ साली स्थापन झालेले हे मंदिर सुमारे १४० मीटर उंचीच्या टेकडीवर मोठमोठ्या शिळांमध्ये उभे आहे. चढण टाळण्यासाठी १९५७ पासून रज्जुमार्ग उपलब्ध आहे. माथ्यावरून मंदिराकडे उतरताना 'साहित्याची वाट' लागते. येथे ओनोमिचीशी संबंधित २५ साहित्यिकांच्या ओळी शिळांवर कोरलेल्या आहेत.

साइकोकु-जी: येथील द्वारावर गवताच्या विशाल चपला टांगलेल्या आहेत. पायांत बळ राहावे म्हणून भाविक येथे प्रार्थना करतात.

जोदो-जी: परंपरेनुसार ६१६ साली राजपुत्र शोतोकु याने स्थापन केलेले मंदिर. चौदाव्या शतकातील मुख्य सभागृह व दुमजली पॅगोडा ह्या दोन्ही वास्तू जपानच्या 'राष्ट्रीय ठेवा' आहेत. पुढे शोगुन झालेल्या आशिकागा ताकाउजी याने १३३६ साली येथे विजयासाठी प्रार्थना केली होती.

साहित्य व चित्रपट

कादंबरीकार शिगा नाओया १९१२–१३ च्या सुमारास येथील उतारावरील एका चाळवजा घरात राहिले. 'होरोकी' या कादंबरीच्या लेखिका हायाशी फुमिको यांचे माध्यमिक शिक्षण ओनोमिचीत झाले. दिग्दर्शक ओझू यासुजिरो यांच्या 'तोक्यो मोनोगातारी' (१९५३) ह्या चित्रपटातील वृद्ध जोडपे ओनोमिचीचे आहे व त्यातील काही दृश्ये जोदो-जी येथे चित्रित झाली. दिग्दर्शक ओबायाशी नोबुहिको (१९३८–२०२०) यांचा जन्म याच शहरातला. त्यांच्या अनेक चित्रपटांची पार्श्वभूमी हेच बोळ आहेत.

रिकाम्या घरांचा प्रश्न

पर्यटकांना आकर्षित करणारी रचनाच रहिवाशांसाठी अडचणीची ठरली आहे. बहुतेक घरांपर्यंत वाहन जात नाही. सामान, इंधन आणि आजारी माणूसही पायऱ्यांवरूनच न्यावा लागतो. वृद्ध रहिवासी खाली किंवा अन्यत्र गेल्यावर घरे ओस पडतात. जपानच्या बांधकाम कायद्यानुसार नव्या घराला पुरेशा रुंदीचा रस्ता लागून असणे आवश्यक आहे. त्यामुळे येथील घर एकदा पाडले की त्या जागी बहुधा नवे बांधता येत नाही. दुसरीकडे, यंत्रे पोहोचत नसल्याने पाडण्याचा खर्चही मोठा असतो. म्हणून दुरुस्ती हाच व्यवहार्य पर्याय उरतो. २००७ पासून स्थानिक नागरिकांचा एक गट अशी घरे दुरुस्त करण्याचे व नव्या रहिवाशांना मिळवून देण्याचे काम करत आहे. काही घरांत आता अतिथिगृहे, उपाहारगृहे व कार्यशाळा सुरू झाल्या आहेत.

प्रवास

ओनोमिची स्थानक सान्यो मुख्य मार्गावर आहे. मार्गाचा आरंभ स्थानकाजवळच असून सर्व मंदिरे पाहण्यास साधारण अर्धा दिवस लागतो. बेटांवरून इमाबारी शहरापर्यंत जाणारा शिमानामी काइदो हा सुमारे ७० किलोमीटरचा सायकलमार्गही ओनोमिचीहूनच सुरू होतो.