एका गावाचे सस्पेन्स खाते

आमच्या शाखेतले एक निवृत्त अधिकारी मुलाकडे इंग्लंडला तीन महिने राहून आले. परदेशातून आलेला माणूस सहसा चॉकलेटे आणतो. यांनी माझ्यासाठी साठ पानांची एक पुस्तिका आणली. हातात ठेवताना म्हणाले, "तुला तुझ्या गावाचं फार कौतुक ना? मग हे वाच. मुलगा राहतो त्या खेड्याचा इतिहास आहे. गावकऱ्यांनीच लिहिलाय."

फुकट मिळालेली वस्तू नाकारू नये असा माझा बाणा आहे. मी पुस्तिका वाचली. ते खेडे आमच्या खारबावच्या निम्मेसुद्धा नसावे. पण त्या साठ पानांत काय नव्हते! कुणाचे डुक्कर कुणाच्या वाटाण्यात शिरले आणि मालकाला किती पेन्स दंड झाला, शाळेतली पोरे बटाटे काढायच्या दिवसांत कशी दांडी मारीत, विहिरीचे चाक कोणी पळवले, सगळे होते. शेवटी गावातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या लहानपणच्या आठवणी. बेकरीचा वास, लोहाराची भट्टी, गाडी पाहायला पुलावर जमलेली पोरे.

खरे सांगतो, मला राग आला. इंग्रजांनी आमच्यावर राज्य केले याचा जितका राग शाळेत असताना आला नव्हता, तितका त्यांच्या डुकराची लेखी नोंद आहे आणि माझ्या पणजोबांची नाही, याचा आला.

याला कारण आहे. इंग्लंडात १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक गावच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि मर्तिक वहीत लिहून ठेवावे. त्याच्याही आधी, १०८६ साली, विल्यम राजाने देशभर माणसे धाडून कोणाकडे किती नांगर, किती जमीन, रानात किती डुकरे चरतील याची मोजदाद करून घेतली होती. (पुन्हा डुकरे!) बँकेतला माणूस म्हणून मला हे जगातले पहिले स्टॉक स्टेटमेंट वाटते. राजालासुद्धा ते वेळेवर मिळाले, आमच्या पार्ट्या देत नाहीत.

आता १५३८ साली आमच्याकडे काय चालले होते? वसई पोर्तुगीजांकडे जाऊन चार वर्षे झाली होती. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने ती देऊन टाकली. आमच्या पूर्वजांना कोणी विचारले नाही. पार्टी बदलली, खाते तेच.

खारबाव कुठे आहे हे सांगायला हवे. मुंबईत कोणाला गावाचे नाव सांगितले की तो म्हणतो, "खार का?" नाही. "खारघर?" नाही. "अच्छा, खारेगाव!" तेही नाही. मिठाला या भागात तोटा नाही, म्हणून नावांनाही नाही. भिवंडीहून कामणमार्गे वसईकडे निघालात की वाटेत खारबाव लागते. वसई-दिवा रेल्वेवर कामण रोड आणि भिवंडी रोड यांच्या मधले स्टेशन. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला डोंगर, मध्ये आम्ही. बाव म्हणजे विहीर. आधी नावातच खार आणि वर विहीर, म्हणजे ज्याने गाव वसवले त्याला विनोदबुद्धी तरी असावी किंवा पाण्याची चव तरी नसावी.

आमच्या गावाला इतिहास नाही असे मात्र समजू नका. प्रत्येक घराला एक आहे, आणि तो एकच आहे. चिमाजी अप्पांची फौज खाडी उतरून गेली तेव्हा होडी आमच्या पूर्वजाची होती! माझे आजोबा हे छातीवर हात ठेवून सांगत. शेजारच्या घरातले आजोबाही छातीवर हात ठेवूनच सांगत. वरच्या आळीत आणखी सात होड्या होत्या. मी चौथीत असताना एकदा सगळ्यांची बेरीज केली. एवढ्या होड्या खाडीत खरोखर असत्या, तर मराठ्यांना पाण्यात उतरावेच लागले नसते, एका होडीवरून दुसरीवर पाय टाकत कोरड्या पायांनी पलीकडे गेले असते. हे मी आजोबांना सांगितले. त्यांनी माझ्या गणिताचे कौतुक केले नाही.

पण धूर होता तिथे विस्तवही होता. आमच्या शेजारच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक पोर्तुगीजांच्या जुलमाविरुद्ध पेशव्यांकडे गाऱ्हाणे घेऊन गेले, हा नोंदलेला इतिहास आहे. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला होता आणि विजयानंतर देऊळ बांधले, ही कथा आमच्याकडे दूधपित्या पोरालाही ठाऊक. सारांश, आमच्या अंगणातून इतिहास नक्की गेला. फक्त जाताना त्याने पावती दिली नाही.

बँकेत जमा आणि नावे यांचा मेळ बसेना, की फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात. पुढेमागे सापडेल म्हणून ती तिथे पडून राहते. आमच्या गावच्या होड्या अशाच पडून आहेत.

कॉमर्सच्या माणसाला इतिहास हा शब्द एकाच ठिकाणी भेटतो, तो म्हणजे 'हिस्टॉरिकल कॉस्ट'. वस्तू घेतली त्या किमतीला ती पुस्तकात दाखवायची. मग खारबावच्या जमिनीची मूळ किंमत काय? हा प्रश्न मला पुस्तिका मिटल्यावर पडला, आणि तेव्हा लक्षात आले की होडीच्या नादात आम्ही खरी गोष्ट सांगायची विसरलो. ती गोष्ट बांधाची.

खाडीकाठची जमीन देवाने दिलेली नाही, माणसांनी ओढून काढलेली आहे. भरतीचे पाणी अडवायला चिखलाचा बांध घालायचा, त्यात लाकडी फळ्यांची उघाडी बसवायची. ओहोटीला ती उघडून पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, भरतीला लावून खाडीचे पाणी बाहेर ठेवायचे. मग दोन-चार पावसाळे मीठ धुऊन जायची वाट पाहायची. अशा जमिनीत नांगर फारसा घालत नाहीत, मोड आलेले भात चिखलात फेकतात. त्याला रहू म्हणतात. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत बांध घालणाऱ्याला शिलोत्रीदार म्हणत. बांध राखायचा आणि त्याबद्दल शेतकऱ्यांकडून वर भात घ्यायचे, असा तो करार. पुढे १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्राने नवा केला. कायद्यांना खेकड्यांची बिळे बुजवता येत नाहीत, त्यामुळे ते काम आमच्याकडेच राहिले.

माझे बाबा उधाणाच्या रात्री झोपत नसत. अमावास्या-पौर्णिमेला जेवण झाले की कंदील आणि फावडे घेऊन बांधावर. मी सात-आठ वर्षांचा असताना एका श्रावणात बांधाला खांड पडली. अर्ध्या रात्री आरडाओरड झाली आणि सगळी आळी धावली. बायकासुद्धा. चिखलाचे गोळे एका हातातून दुसऱ्या हातात चालले होते. मला पोर म्हणून लहान गोळे देत होते. आमच्या शेजाऱ्यांचे आणि आमचे तेव्हा भांडण होते, बोलणे नव्हते. शेजारचे काका माझ्या बाबांच्या हातात गोळा देत होते आणि बाबा तो तोंड फिरवून घेत होते. पहाटे खांड बुजली. सगळे चिखलाने सारखेच काळे झाले होते, त्यामुळे कोण कोणाशी बोलत नाही हे कळायला मार्ग उरला नाही, आणि काकांनी बाबांना विडी दिली.

त्या रात्रीची नोंद कुठेही नाही.

बाकी लहानपणाचे म्हणाल तर ते निवट्यांमागे गेले. निवट्या हा मासा असून चिखलावर उड्या मारतो, म्हणजे त्याला आपण नक्की कोण हे ठरवता आलेले नाही. त्याचे कालवण आणि तांदळाची भाकरी यावर मी कोणत्याही विलायती बेकरीचा वास ओवाळून टाकीन. चिंबोरीच्या बिळात हात घालायला थोरल्या भावाने शिकवले. हात बाहेर काढायला चिंबोरीने.

आणि रेल्वे! १६ एप्रिल १८५३ ला ठाण्यात पहिली गाडी आली, ती खाडीच्या पलीकडे. आमच्या बाजूला यायला शंभराहून जास्त वर्षे लागली. आणि आली तरी माझ्या लहानपणी ती मालगाडी. माणसांची गाडी फार नंतर सुरू झाली. आम्ही रुळाशेजारी उभे राहून डबे मोजायचो. कोणी बेचाळीस म्हणे, कोणी चव्वेचाळीस, मग मारामारी. फरक सापडेपर्यंत घरी जायचे नाही ही सवय मला तिथे लागली, आणि त्याच सवयीवर मी गेली वीसेक वर्षे पगार घेतो आहे.

मग गोदामे आली. मुंबईचा माल ठेवायला भिवंडी तालुक्यात जागाच जागा होती, आणि जकात, रस्ते, बंदर सगळ्यांना ती सोयीची होती. खाचरांत मुरूम पडू लागला. बहिणीचे लग्न निघाले तेव्हा बाबांनी खाडीकडची दोन एकर विकली. व्यवहारात फसवणूक नव्हती, भाव चांगला आला, लग्न दणक्यात झाले. तक्रार करायला जागा नाही, हीच मोठी अडचण. त्या जागेवर पत्र्याचे गोदाम उभे राहिले.

२६ जुलै २००५ ला पाऊस कोसळला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. आमच्या गोदामात कमरेएवढे पाणी शिरले. (पाहा, मी अजून 'आमच्या' म्हणतो.) दुसऱ्या दिवशी तिथला उत्तर प्रदेशी रखवालदार बाबांना विचारू लागला, "चाचा, ये पानी आया किधर से?" बाबा त्याला छत्री घेऊन मागच्या बाजूला घेऊन गेले आणि जिथे उघाडी होती ती जागा दाखवली. तिथे आता सिमेंटचा पाइप होता, तोही मातीने भरलेला. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, "उघारी लावाला कोन नव्हता." त्यांच्या आवाजात अपराधी सूर होता. विकून दोन वर्षे झाली होती!

शेवटच्या आजारात ते ठाण्याला इस्पितळात होते. बाहेर पाऊस लागला की मला जवळ बोलवून विचारायचे, "उघारी लावली का?" मी म्हणायचो, "लावली." बँकेत इतकी वर्षे काढून मी जाणूनबुजून चुकीची नोंद केली ती एवढीच.

तर पुस्तिका वाचून झाल्यावर मी एक दोनशे पानी वही घेतली आणि रविवारी गावी आत्याकडे गेलो. आत्या पंच्याऐंशीच्या पुढे आहे. म्हटले, "आत्ये, गावचा इतिहास सांग."

"तो कला पायजे तुला? मास्तर व्हायलास का?" आत्या म्हणाली. "भाकर खा आधी."

मी सन विचारले, ते तिला येईनात. राजे विचारले, तेही नाहीत. शेवटी विचारले, "आपल्या खाचरांना नावं होती ना गं?" आणि मग ती जी सुटली! निवट्याचं. वडाखालचं. कोनातलं. लांबोडं. म्हातारीचं, कारण तिथे एक म्हातारी भारा बांधता बांधता वारली. रुसव्याचं, कारण दोघा भावांनी वाटणीत ते एकमेकांवर ढकललं आणि तीन वर्षे कोणीच पेरलं नाही. एका दुपारी तेवीस नावे निघाली. सातबारावर त्यांतले एकही नाही, तिथे नुसते गट नंबर. मी विचारले, "हे अजून कोणाला माहीत आहे?" तिने बोटे मोजायला हात वर केला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग त्याच हाताने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

चोविसावे नाव तिला आठवत नव्हते. पुढच्या रविवारी ये म्हणाली.

सोमवारी कामावर आलो तर टेबलावर त्याच गोदामाच्या कर्जाच्या नूतनीकरणाची फाइल. मालक तिसरा, बँक आमचीच. जागेची चतुःसीमा लिहायची होती. मी लिहीत गेलो. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस गोदाम, उत्तरेस निवट्याचं, दक्षिणेस रुसव्याचं.

दुपारी साहेबांनी बोलावले. शेवटच्या दोन नावांभोवती लाल गोल होते.

"या पार्ट्या कोण?" साहेब म्हणाले. "यांची केवायसी कुठं आहे?"

"आत्याकडं, साहेब," मी म्हणालो आणि कागद परत घेतला.